हब जीनची तीच ती यादी आता पुरे: सर्व्हायकल कॅन्सरच्या डेटावर प्रोजेक्ट देणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना खुलं पत्र

सर, मॅडम, नमस्कार.

गाइड, एक्झामिनर, रिव्ह्यूअर, एडिटर सगळ्यांना एकत्रच लिहितेय, कारण तक्रार कोणा एकाची नाहीये आणि बऱ्याचदा ही चारही कामं एकच माणूस करत असतो. मी जीन एक्सप्रेशनच्या, म्हणजे कोणता जीन किती चालू आहे याच्या डेटावर काम करते, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरचे बायोइन्फॉर्मॅटिक्सचे पेपर आणि थिसिस सतत डोळ्यांखालून जातात. आता अशी वेळ आलीये की टायटल वाचलं की आतली 'हब जीन'ची (जाळ्यात मध्यवर्ती ठरवलेल्या जीनची) यादी फाइल न उघडता सांगता येते. सीडीके१, सीसीएनबी१, टॉप२ए, एमसीएम२, एमकेआय६७, सोबत सीडीकेएन२ए. क्रम इकडचा तिकडे होतो, नावं तीच.

पद्धत पण ठरलेली. जीईओ या फुकट डेटाबेसवरून दोन-तीन मायक्रोअरे (चिपवर जीन मोजलेले) डेटासेट उतरवायचे, फरक शोधणारं लिमा चालवायचं, फोल्ड चेंज (किती पट फरक) आणि पी व्हॅल्यूचा कटऑफ लावायचा, व्हेन डायग्राममधले कॉमन जीन उचलून स्ट्रिंग या प्रोटीनच्या जोडण्यांच्या डेटाबेसमध्ये टाकायचे, तिथलं जाळं सायटोस्केप या जाळी काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन त्यातल्या सायटोहब्बाला टॉप टेन विचारायचे, मग कापलान-मायर कर्व्ह (पेशंट किती काळ जगले याचा आलेख), आणि हल्ली फॅशन आहे म्हणून शेवटी सायबरसॉर्ट हे मिश्रणातल्या पेशी ओळखणारं सॉफ्टवेअर लावून इम्यून सेलचा रंगीबेरंगी बार प्लॉट. कन्क्लूजनमध्ये हे जीन बायोमार्कर आणि थेरपीचं टार्गेट ठरू शकतात हे वाक्य. या सगळ्यात हा आजार गर्भाशयमुखाचा आहे हे माहीत असायची कुठेच गरज पडत नाही. डेटासेटचा नंबर बदला, लिव्हरचा पेपर तयार.

यादी चुकीची आहे असं माझं म्हणणं नाही. उलट ती इतकी बरोबर आहे की तिच्यात नवीन काहीच नाही. हा कॅन्सर जवळपास नेहमी एचपीव्ही विषाणूच्या टिकून राहिलेल्या इन्फेक्शनमधून होतो, हाराल्ड त्सुर हाउझेन यांना त्यासाठी २००८ मध्ये नोबेल मिळालं, आणि हा विषाणू पेशीत नेमकं काय करतो हे पण कधीचंच कळलेलं आहे. त्याचं ई६ प्रोटीन पी५३ या कॅन्सर रोखणाऱ्या प्रोटीनला नष्ट करायला लावतं आणि ई७ प्रोटीन आरबी या विभाजनाच्या ब्रेकला धरून निकामी करतं. आरबी गेला की त्यानं धरून ठेवलेला ई२एफ मोकळा सुटतो आणि पेशीच्या विभाजनाचे जीन एका झटक्यात चालू होतात, म्हणजे तेच सगळे, सीडीके१, एमसीएम२, टॉप२ए वगैरे. आणि सीडीकेएन२ए म्हणजे पी१६, त्याचं काम विभाजन थांबवणं, पण ते थांबवतं आरबीच्या मार्फत, आरबीच निकामी असल्यामुळे पी१६ कितीही वाढलं तरी काही उपयोग होत नाही म्हणून ते ढिगानं साठत जातं. पॅथॉलॉजीवाले पी१६ आणि केआय-६७ (एमकेआय६७ चं प्रोटीन) चे स्टेन स्लाइडवर कधीपासून वापरतायत. त्यामुळे विद्यार्थ्यानं ही यादी काढली तर तिचा अर्थ एवढाच की डेटा ठीक आहे आणि कोड चालला. हा पॉझिटिव्ह कंट्रोल आहे, रिझल्ट नाही.

त्यात हब म्हणजे काय, तर स्ट्रिंगच्या जाळ्यात ज्याला जास्त जोडण्या तो. पण जोडण्या जास्त कोणाला, तर ज्याच्यावर जास्त पेपर आहेत त्याला. सेल सायकलच्या जीनवर अनेक दशकं काम झालंय, ते वर येणारच. ज्या जीनकडे आजवर कोणी बघितलंच नाही तो कितीही महत्त्वाचा असला तरी सायटोहब्बा त्याला वर आणणार नाही. म्हणजे नवीन शोधायला जे हत्यार घेतलंय ते मुळात जुन्यालाच मत देतं, आणि यावर व्हायवामध्ये एक प्रश्न विचारलेला मी ऐकलेला नाही.

आता नॉर्मलकडे, म्हणजे तुलनेसाठीच्या निरोगी टिश्यूकडे येऊ, कारण सगळ्यात मोठा गोंधळ तिथे आहे. टीसीजीए या अमेरिकेतल्या मोठ्या कॅन्सर जीनोम प्रोजेक्टच्या सर्व्हायकल कॅन्सरच्या आरएनए डेटात ट्यूमर तीनशेच्या वर आणि नॉर्मल फक्त ३. तीन! मग लोक गेपिया या वेबसाइटवर जातात, तिथे ३०६ ट्यूमरसमोर १३ नॉर्मल दिसतात कारण त्यात जीटेक्सचे सॅम्पल मिळवलेले आहेत, म्हणजे दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये, दुसऱ्या लोकांनी, दुसऱ्या पद्धतीनं गोळा केलेले. आणि हे नॉर्मल म्हणजे कुठला टिश्यू? गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या भागावर स्क्वॅमस पेशींचं अस्तर, आतल्या नळीत उभट ग्रंथीच्या पेशी, आणि खाली स्नायू आणि जोडऊती. अख्खा तुकडा वाटून आरएनए काढला तर नॉर्मलमध्ये स्नायू भरपूर येतात आणि ट्यूमरमध्ये एपिथेलियम (अस्तराच्या पेशी) भरपूर. मग काय होतं, डेस्मिन, एमवायएच११ असे स्नायूचे जीन डाउन-रेग्युलेटेड (कमी झालेले) म्हणून झळकतात आणि थिसिसमध्ये त्यांना ट्यूमर सप्रेसर म्हणून पान-दोन पानं दिली जातात. इस्ट्रोजेन रिसेप्टरचा जीन ईएसआर१, त्याचं पण असंच, तो कमी झाला म्हणताना कोणत्या पेशीत कमी झाला हे विचारावंच लागतं, कारण एपिथेलियममध्ये कमी होणं आणि स्ट्रोमाच (खालची आधाराची ऊती) सॅम्पलमध्ये कमी येणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. जीएसई६३५१४ नावाचा सेट आहे, १२८ सॅम्पल, त्यात २४ नॉर्मल, मग सीआयएन १, २, ३ अशा कॅन्सरच्या आधीच्या पायऱ्या आणि २८ कॅन्सर, आणि त्यात एपिथेलियम वेगळं कापून घेतलेलं आहे. असा पायऱ्यांचा सेट हातात असताना लोक त्यातले मधले ७६ सॅम्पल टाकून देतात आणि नॉर्मल विरुद्ध कॅन्सर एवढंच करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. सगळी गंमत मधल्या पायऱ्यांत आहे हो. एचपीव्ही होतो बहुतेकांना आणि बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, टिकतो तो थोड्यांचाच, आणि त्यातून पुढे सरकतात त्याहून थोड्या. कोणत्या पायरीवर काय बदललं हा प्रश्न विचारता येण्यासारखा डेटा फुकट पडलेला आहे.

स्क्वॅमस आणि अ‍ॅडिनो (ग्रंथीच्या पेशींतला) प्रकार एकत्र करून चालवणं हे पण थांबवा. दोन्ही एकाच अवयवाचे असले तरी पेशी वेगळी, आणि अ‍ॅडिनोमध्ये एचपीव्ही निगेटिव्ह प्रकार पण निघतात. टीसीजीएच्या २०१७ च्या पेपरमध्येच एचपीव्ही निगेटिव्ह ट्यूमरचा एक गट एंडोमेट्रियमच्या (गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या) कॅन्सरसारखा दिसतो, केआरएएस, एआरआयडी१ए, पीटेन यांच्या म्युटेशनसकट. हे सगळं एका गाठोड्यात बांधलं की जे जीन वर येतात ते बऱ्याचदा फक्त कोणता प्रकार किती टक्के होता एवढंच सांगत असतात.

आता इम्यून सेल. इथे थोडं जास्त बोलणार आहे, कारण हाच भाग आता प्रत्येक प्रोजेक्टला चिकटवला जातो आणि सगळ्यात कमी समजून घेतला जातो.

बल्क आरएनए-सेक, म्हणजे सॅम्पलमधल्या सगळ्या पेशींचा आरएनए एकत्र वाचणं, हे गर्दीचा एकत्र आवाज रेकॉर्ड करून त्यात कोण कोण होतं हे नंतर ओळखण्यासारखं आहे. सायबरसॉर्ट २०१५ मध्ये आलं, हुशार काम आहे, त्याच्यासोबत येणारं एलएम२२ म्हणजे ५४७ जीनच्या आधारे २२ प्रकारच्या इम्यून सेल वेगळ्या करायचा तक्ता. पण तो तक्ता मायक्रोअरेवर बनलेला, आणि त्यातल्या बऱ्याच पेशी रक्तातून काढलेल्या किंवा डिशमध्ये वाढवलेल्या. त्यातला एम० मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या इम्यून पेशीचा एक प्रकार) म्हणजे रक्तातला मोनोसाइट डिशमध्ये वाढवून तयार केलेला. आता ट्यूमरमध्ये एम० वाढलेले दिसले यावर अख्खं डिस्कशन लिहिण्याआधी एवढं तरी विचारात घ्या की ट्यूमरमधला मॅक्रोफेज या तक्त्यातल्या कशाशीच नीट जुळत नसेल आणि सॉफ्टवेअरनं त्याला सगळ्यात जवळच्या खोक्यात टाकलं असेल.

दुसरं, साध्या मोडमध्ये सायबरसॉर्ट देतं ते प्रमाण, एकूण बेरीज १. समजा एका ट्यूमरमध्ये इम्यून पेशी एकूण ५ टक्के आणि दुसऱ्यात ४० टक्के, आणि दोन्हीत त्या इम्यून पेशींपैकी पाचवा हिस्सा सीडी८ (कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या टी सेल) आहेत. बार प्लॉटवर दोन्ही बार सारखे दिसणार. प्रत्यक्षात पहिल्यात सीडी८ एक टक्का आणि दुसऱ्यात आठ टक्के. पेशंटच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आणि आपल्या आकृतीत शून्य फरक. अ‍ॅब्सोल्यूट मोड आहे, एस्टिमेट आहे, एमसीपी-काउंटर आहे, दोन वेगळ्या पद्धतींनी काढून एकच दिशा दिसते का ते बघायला एक दिवस पण लागत नाही, पण विचारलंच जात नाही त्यामुळे कोणी करत नाही.

मग ते कोरिलेशनचे हीटमॅप. 'अमुक जीन जास्त तिथे सीडी८ कमी, म्हणून हा जीन इम्यून सेलना दूर ठेवतो.' अहो, जो जीन फक्त कॅन्सरच्या पेशीत चालतो तो सॅम्पलमध्ये कॅन्सरच्या पेशी जास्त असल्या की जास्त दिसणारच आणि बाकीच्या पेशी तेवढ्याच कमी दिसणार. यात जीनचा काय दोष? ट्यूमर प्युरिटी (सॅम्पलमध्ये कॅन्सरच्या पेशी किती) धरून कोरिलेशन काढायची सोय टायमर या वेबसाइटमध्ये दिलेली आहे, तरी बिनप्युरिटीचा आकडा चांगला येतो म्हणून तोच छापायचा हे मी बघितलंय. आणि पीडी-१ (टी सेलवरचा ब्रेक) दिसला की टी सेल थकलेली असं सरळ लिहून मोकळं व्हायचं, पण पीडी-१ नुकत्याच जाग्या झालेल्या टी सेलवर पण येतो. लॅग३, टिम३, टिजिट हे दुसरे ब्रेक सोबत आहेत का, एकाच पेशीत आहेत का, हे बल्क डेटा सांगूच शकत नाही. ती सीडी८ पेशी ट्यूमरच्या आत शिरलीये का बाहेर स्ट्रोमात अडकून बसलीये हे पण नाही सांगत, आणि फरक तर तिथेच पडतो.

सिंगल सेल, म्हणजे एकेका पेशीचा आरएनए वेगळा वाचणं, आलं म्हणून हे सगळे प्रश्न सुटले असं पण नाही. टिश्यू एन्झाइमनं सुटा करताना न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मरतात, त्यांच्यात आरएनए पण कमी, मग डेटात न्यूट्रोफिल दिसत नाहीत आणि कोणीतरी लिहितं की या ट्यूमरमध्ये न्यूट्रोफिल नाहीत. आणि पाच पेशंटच्या पन्नास हजार पेशी म्हणजे एन (नमुन्यांची संख्या) पाचच, पन्नास हजार नाही. पेशीपेशी मोजून पी व्हॅल्यू काढली की ती शून्यापुढे शून्यं लागलेली येते आणि सगळे खूश. पेशंटवार बेरीज करून मग तुलना करायला सांगा, अर्धे रिझल्ट तिथेच गळून पडतील.

बरं, माझी खरी तक्रार याच्याही पुढची आहे. सर्व्हायकल कॅन्सरमध्ये जीन आणि इम्यून सिस्टिम यांची गाठ जिथे खरोखर पडते ती जागा सोडून आपण कडेकडेनं फिरतोय. एपोबेकचंच घ्या. ही एन्झाइम विषाणूशी लढायला पेशीनं ठेवलेली, पण ती आपल्याच डीएनएवर पण वार करतात, आणि या कॅन्सरमधल्या म्युटेशनवर त्यांचा ठसा जागोजागी आहे. पीआयके३सीए मधले जे दोन नेहमीचे बदल, ई५४२के आणि ई५४५के, ते याच ठशात बसतात. म्हणजे विषाणूविरुद्धचं संरक्षण आणि कॅन्सर चालवणारं म्युटेशन एकाच धाग्यात. टीसीजीएच्या त्या पेपरमध्ये २२८ ट्यूमर बघितले आणि त्यात एचएलए-ए आणि कॅस्प८ हे दोन जीन लक्षणीय प्रमाणात बदललेले निघाले. एचएलए-ए म्हणजे टी सेलला प्रोटीनचा तुकडा दाखवणारी खिडकी, आणि कॅस्प८ म्हणजे टी सेलनं मर म्हटल्यावर पेशी ज्या मार्गानं मरते त्यातला दुवा. सोबत पीडी-१ चा ब्रेक दाबणाऱ्या पीडी-एल१ आणि पीडी-एल२ च्या जीनच्या जादा प्रती. ट्यूमर इम्यून सिस्टिमला कसा चुकवतो हे डीएनएवर लिहून ठेवलंय आणि आपण टॉप२ए आणि मास्ट सेलचं कोरिलेशन काढत बसलोय!

आणि एचपीव्ही कुठाय? अख्ख्या थिसिसमध्ये विषाणू फक्त इंट्रोडक्शनच्या पहिल्या पॅराग्राफमध्ये भेटतो आणि नंतर गायब. कोणत्या पेशंटला एचपीव्हीचा टाइप १६, कोणाला १८, कोणाला दुसराच, ही माहिती टीसीजीएच्या सॅम्पलसाठी छापलेली आहे. विषाणू माणसाच्या डीएनएमध्ये घुसलाय का हे पण, एचपीव्ही १८ च्या सगळ्या ट्यूमरमध्ये घुसलेला आणि १६ च्या सुमारे तीन-चतुर्थांशात. साधारण ८,००० अक्षरांचा जीनोम आहे त्याचा, रॉ रीड (सीक्वेन्सिंगचे कच्चे तुकडे) मिळाल्या तर माणसाच्या जीनोमवर न बसलेल्या रीड त्याच्यावर बसवून ई६, ई७ किती चालतायत हे मोजता येतं. रॉ रीडसाठी परवानगी लागते, मान्य, पण टाइपचा कॉलम तर उघडा आहे. १६ आणि १८ वाल्यांत टी सेल वेगळ्या आहेत का? जिथे एचएलए-ए बिघडलाय तिथे सीडी८ कमी आहेत का उलट जास्त, म्हणजे दबाव होता म्हणून बिघडला? एका सेमिस्टरला पुरून उरेल असा प्रश्न आहे, पैसे लागत नाहीत आणि उत्तर कुठलंही आलं तरी काहीतरी कळतं.

हे हवेतलं नाही. पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला या कॅन्सरसाठी अमेरिकेच्या एफडीएनं पहिली मंजुरी २०१८ मध्ये दिली ती पीडी-एल१ पॉझिटिव्ह ट्यूमरसाठी, सीपीएस १ किंवा जास्त. हा सीपीएस स्कोअर काढताना ट्यूमर पेशींबरोबर लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेजवरचा पीडी-एल१ पण मोजतात. त्यामुळे बल्क डेटात सीडी२७४ (पीडी-एल१ चा जीन) जास्त दिसला म्हणून ट्यूमर लपतोय असं लिहिता येत नाही, तो मॅक्रोफेजवरचा पण असू शकतो. औषध काहींना लागू पडतं आणि बऱ्याच जणींना पडत नाही, आणि २०२२ या एका वर्षात जगात या कॅन्सरच्या सुमारे ६ लाख ६० हजार नव्या पेशंट आणि सुमारे साडेतीन लाख मृत्यू आहेत. लस आणि तपासणीनं पुढचे थांबतील, थांबायलाच पाहिजेत, पण आज ज्या आजारी आहेत त्यांच्यात कोणाला इम्युनोथेरपी द्यायची हा प्रश्न बराचसा डेटाचाच आहे, आणि आपल्याकडे डेटा चालवता येणारी मुलं आहेत.

सर्व्हायव्हल सिग्नेचरबद्दल, म्हणजे पेशंट किती जगेल हे सांगणाऱ्या जीनच्या यादीबद्दल थोडक्यात. टीसीजीएच्या या तीनशे पेशंटमध्ये मृत्यू सत्तरच्या आसपास. तेवढ्यावर हजारो जीन टाकून लॅसो या जीन निवडायच्या गणिती पद्धतीनं सात जीनचा स्कोअर काढायचा, जीन निवडताना सगळे पेशंट वापरायचे आणि नंतर त्यांचेच दोन भाग करून एकाला टेस्ट सेट म्हणायचं, वर कटऑफ असा शोधायचा की कर्व्ह जास्तीत जास्त फाकतील. मग फाकणारच ना. २०११ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरवर दाखवलं होतं की जीनच्या बहुतेक रँडम याद्यासुद्धा पेशंट किती जगतील याच्याशी लक्षणीय संबंध दाखवतात, कारण सेल विभाजनाचा सिग्नल सगळीकडे पसरलेला असतो. त्यामुळे सिग्नेचर आणणाऱ्याला एकच सांगा, तेवढ्याच लांबीच्या हजार रँडम याद्या चालव आणि तुझी यादी त्यात कुठे बसते ते दाखव. मग जीएसई४४००१ सारखा पूर्ण वेगळा सेट घे, ३०० पेशंट आहेत, आणि फॉर्म्युला न बदलता लाव.

तुमची अडचण कळते मला. विद्यार्थी खूप, वेळ कमी, लॅब नाही, पेपर पाहिजेच. म्हणूनच मी वेट लॅब करा असं म्हणत नाहीये. उलट रिव्ह्यूअर लोकांनी 'एक्सपेरिमेंटल व्हॅलिडेशन जोडा' हे छापील वाक्य लिहिणं बंद करावं असं माझं मत आहे, कारण मग काय होतं, हीला पेशींमध्ये जीन नॉकडाउन (मंद) करून पेशी कमी वाढल्या असं दाखवतात. हीला ही १९५१ ची एचपीव्ही १८ वाली अ‍ॅडिनोकार्सिनोमाची लाइन, पेपर असतो स्क्वॅमसवर, आणि दावा असतो इम्यून सेलवर, आणि डिशमध्ये एकही इम्यून सेल नाही. याला कसलं व्हॅलिडेशन म्हणायचं? त्यापेक्षा दुसऱ्या डेटासेटवर तपासा म्हणून सांगा, ते स्वस्त आणि जास्त कठोर आहे.

प्रोजेक्ट देतानाच विद्यार्थ्याकडून एक पान लिहून घ्या, नॉर्मल कुठून आलं, ट्यूमर कोणत्या प्रकारचा, एचपीव्ही टाइप काय, आणि हा जीन कोणत्या पेशीत चालतो असं तुला वाटतं. कोड चालवायच्या आधी. ज्यांना हे पान भरता येत नाही त्यांना डेटासेट उतरवायला लावू नका. थिसिसला सॅम्पलच्या नंबरांची यादी आणि कोड जोडायला लावा, कुठला सॅम्पल वगळला आणि का ते पण. टेबल एक्सेलमध्ये उघडून परत सेव्ह करू नका हे पण एकदा सांगून टाका, जीनच्या नावांच्या तारखा होतात म्हणून नामकरण समितीला २०२० मध्ये मार्च१ चं मार्चएफ१ करावं लागलं, तरी जुन्या फाइली अजून फिरतायत.

आणि एखाद्या मुलीनं सगळं नीट करून शेवटी लिहिलं की १६ आणि १८ मध्ये सीडी८ चा फरक दिसला नाही, प्युरिटी धरल्यावर कोरिलेशन गेलं, तर कृपा करून तिचे मार्क कापू नका आणि तिला परत पाठवून हब जीन काढायला लावू नका. एडिटर मंडळी, तिचा पेपर आला तर रिव्ह्यूला पाठवा.

आपली,
जीन एक्सप्रेशनच्या फाइलींमध्ये दिवस घालवणारी एक अ‍ॅनालिस्ट